पावती मागितली की रूम भरलेली असते

वऱ्हाडात रूम स्वस्त मिळते, असं पुण्यात राहणारे वऱ्हाडी फार प्रेमाने सांगतात. हिंजवडीत वन आरकेला जेवढे मोजतो तेवढ्यात अमरावतीला अख्खा वरचा मजला येतो, खाली काकू राहतात, सणावाराला ताट पाठवतात, असं सगळं.

कंपनीने कायमचं घरून काम मान्य केल्यावर मी परत आलो. गाव दर्यापूर तालुक्यात. तिथे मीटिंग सुरू असताना नेट जातं, म्हणून अमरावतीत एक खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वतःचं संडास-बाथरूम एवढं शोधायला निघालो. बिल्डरच्या होर्डिंगवर याला स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात. गाडगेनगरात याला 'सिंगल रूम, अटॅच' म्हणतात. दीड महिना गाडगेनगर, राठीनगर, शेगाव नाका, कठोरा रोड, मग साईनगर आणि बडनेरा रोड. मधल्या काळात धाकट्या बहिणीच्या नीटच्या क्लाससाठी अकोल्यात जठारपेठ, तोष्णीवाल लेआउट, रतनलाल प्लॉट. एवढं फिरून माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडची रूम स्वस्त आहे, कारण तिच्यातून कागद काढून घेतलेला आहे. करार नाही, पावती नाही, पत्ता नाही. आणि या स्वस्ताईचं बिल अठरा ते तिशीतली पोरंपोरी भरतात.

रूम सापडते कशी ते आधी सांगतो. पुण्यात अ‍ॅप असतं, त्यात फोटो, चौरस फूट, डिपॉझिट असं काहीतरी लिहिलेलं असतं. इथे विजेच्या खांबाला पाटी असते, 'रूम किरायाने देणे आहे', खाली मोबाइल नंबर आणि बहुतेक वेळा एक अट: फक्त मुलींसाठी, फक्त फॅमिली, फक्त व्हेज. नाहीतर झेरॉक्सवाला सांगतो, मेसवाला सांगतो. किराया पाटीवर नसतो, तो तुम्हाला पाहून ठरतो. एका जिन्यावरच्या दोन सारख्या खोल्यांपैकी एकीत फार्मसीचा मुलगा चार हजारांत राहत होता, दुसरीचे मला सहा सांगितले, कारण मी 'कंपनीवाला'. हे एक वेळ चालेल, बाजारात भाव असेच ठरतात. पण पाहून फक्त भाव ठरत नाही.

"काय करता जी तुम्ही?"

"सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरूनच काम असतं."

"म्हंजे दिवसभर रूमवरच?"

"हो."

"मंग लाइट किती जळन? अन् पोट्टे जमा नाई करायचे रूमवर."

इथपर्यंत गंमत आहे. लाइटला सबमीटर असतो, त्याचा युनिटचा दर घरमालक स्वतःच ठरवतो, तरी माझ्या लॅपटॉपची काळजी त्यांनाच. पुढचा प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी यायचा आणि त्यात गंमत नसायची. पूर्ण नाव सांगा. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरून कळलं नाही तर सरळ, "कोन्या समाजाचे तुमी?" माझं आडनाव चालून जायचं. एका रविवारी कॉलेजचा मित्र सोबत होता, तोही रूम शोधत होता. त्याने नाव सांगितलं आणि घरमालकांचा आवाज एकदम मऊ झाला. "तसा आमाले काई प्रॉब्लेम नाई जी, पन आमची म्हातारी जुन्या वळणाची हाय." आम्ही दोघेही जिना उतरलो. म्हातारी दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने आम्हाला पाणी हवं का विचारलं.

मित्राला हे नवं नव्हतं. त्याने त्या दिवसापुरता तो नंबर फोनमधून उडवला आणि पुढच्या पाटीचा नंबर लावला.

आता कायदा. घर किरायाने देताना जात किंवा धर्म पाहू नये, असं सांगणारं कलम महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात नाही. घटनेचं कलम 15 दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांची नावं घेतं, घरमालकाच्या वरच्या मजल्याचं घेत नाही. ब्रिटनमध्ये काळ्यांना आणि आयरिश लोकांना खोली नाही अशा पाट्या लागायच्या. 1968च्या वंशसंबंध कायद्याने घर देतानाचा वंशभेद बेकायदेशीर ठरला. अमेरिकेतही त्याच वर्षी तसा कायदा झाला. तिथे एक सूट आहे. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि चारपेक्षा जास्त घरं नसतील तर हा नियम त्याला बराचसा लागू होत नाही. आपल्याकडचे बहुतेक घरमालक खालीच राहतात, म्हणजे ते या सुटीत बसले असते. पण सूट मिळालेल्या त्या मालकालाही भेदभावाची जाहिरात करता येत नाही. निदान एवढं आपण सहज करू शकतो. खांबावरची पाटी महापालिकेच्या हद्दीत असते, ती वाचायला कोणाला कोणाच्या घरात शिरावं लागत नाही.

पण या भेदभावाला आसरा कुठून मिळतो, हा माझा मुद्दा आहे, आणि तो कागदापाशी येतो. जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे काहीही विचारता येतं, आणि उद्या काहीही नाकारता येतं.

रूम ठरली की तुम्हाला म्हणतात, "अकरा महिन्याचा करार करून घेऊ." म्हणजे कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून स्टॅम्प पेपरवर एक मजकूर, त्यावर नोटरीचा शिक्का. अकरा महिने का, तर 1908च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कापायचा. ही युक्ती आपल्या आजोबांच्या काळातली आहे आणि महाराष्ट्रात ती 31 मार्च 2000 पासून मेलेली आहे. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. त्याचं कलम 55 सांगतं की घर भाड्याने देण्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. आणि नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्याचं कलम 26 म्हणतं की घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती द्यायची, न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड.

म्हणजे शिक्का मारलेला तो अकरा महिन्यांचा कागद, जो वकील, नोटरी, घरमालक, दलाल सगळे गंभीर चेहऱ्याने हाताळतात, तो या कायद्याच्या मागणीत बसतच नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. मी इंजिनिअर आहे, वकील नाही, पण हे कलम वाचायला वकील लागत नाही, अर्धं पान आहे.

नोंदणी महाग असते असं ऐकवतात. हिशोब करू. महिन्याला सहा हजार किराया, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने. एकूण किराया 66 हजार, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण 1,830 रुपये. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. वर थोडं हाताळणी शुल्क. हे सगळं घरबसल्या आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होतं, दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन उभं राहावं लागत नाही. उलट ऑक्टोबर 2024मध्ये राज्याने शंभराचा स्टॅम्प पाचशेवर नेला. त्यात टायपिंग आणि नोटरीची फी मिळवा. खोटा कागद आता खऱ्या कागदाच्या जवळपास पडतो.

तरीही मी फोनवर नुसतं "रजिस्टर करार करू, खर्च माझा" म्हटलं की पलीकडे शांतता. मग, "सांगतो तुमाले." संध्याकाळी त्याच नंबरवर दुसऱ्या मित्राकडून फोन लावला तर रूम रिकामी असायची. किराया गुगल पेने देतो म्हटलं तरी तेच, कॅशच हवी. एका बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, की आम्ही रूम देतो, कागद देत नाही.

कागद नसल्याने माझं काय जातं? एचआरएची सवलत जाते, पासपोर्टचा पत्ता अडतो, गॅसचं कनेक्शन मिळत नाही म्हणून पाच किलोचं छोटं सिलिंडर भरत राहावं लागतं. त्रास आहे, पण माझा पगार आहे, मी तगतो. ज्याचं खरंच बुडतं तो वेगळा मुलगा आहे. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अमरावतीसारख्या विभागीय शहरात तिचे वर्षाला 51 हजार मिळतात: भोजनाचे 28, निवासाचे 15, निर्वाहाचे 8. निवासाचे 15 हजार म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. या पैशात गाडगेनगरात कॉट मिळेल की नाही हा वेगळा वाद. पण ते मिळवायलाही आपण किरायाने राहतो याचा पुरावा जोडावा लागतो. आता बघा. ज्या मुलाला आडनाव ऐकून चार दारं बंद झाली, त्याला पाचवं दार उघडलं ते याच अटीवर, की कागद मागायचा नाही. आणि कागद नाही म्हणून 51 हजार अडकले. सरकार एका हाताने देतं आणि सरकारचाच न राबवलेला कायदा दुसऱ्या हाताने काढून घेतो. यात घरमालकाला कोणाला लुबाडायचं होतं असंही नाही. त्याला फक्त झंझट नको होतं.

घरमालकांची बाजू मला माहीत आहे. माझा मामा घरमालक आहे. निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला बांधलेला, त्या दोन खोल्यांचा किराया हीच खरी पेन्शन. अशा माणसाला राक्षस ठरवण्यात मला रस नाही. त्याच्या भीतीला इतिहास आहे, आणि तो खास आपल्या भागाचा आहे. मुंबईत 1947चा भाडे कायदा होता, तसा आपल्याकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा 1949चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. त्यात किरायदार काढायचा तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. घर रिकामं झालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागायचं आणि ते त्यात सरकारी नोकराला घालू शकायचे. पन्नास वर्षं हे चाललं. त्या काळात ज्यांनी घरं बांधली त्यांच्या मनात किरायदार म्हणजे न निघणारा माणूस हे कोरलं गेलं, त्यात नवल नाही. मामा अजून तोच किस्सा सांगतो, कोणाच्या तरी काकाचं घर कसं गेलं तो.

पण 1999च्या कायद्याने तो आदेश रद्द केला, आणि नव्या कायद्यात घरमालकाला सगळ्यात मोठं संरक्षण कुठे आहे? कलम 24मध्ये. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मिळतं, आणि जास्तीच्या दिवसांचा दुप्पट मोबदला मागता येतो. हे हत्यार ज्याच्याकडे लेखी करार आहे त्याच्याच हातात असतं. नोटरीवाल्या मामाच्या हातात नाही. कलम 55 त्याच्याविरुद्ध आणि कलम 24 त्याच्या कामाचं नाही, अशा जागी तो स्वतःहून जाऊन बसलाय. मी त्याला हे समजावलं. तो म्हणाला, "अरे पण घरपट्टी वाढीन ना." आयकराची भीती याहून पोकळ आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, आणि दोन खोल्यांच्या किरायावर निवृत्त माणसाला सहसा कर लागतच नाही.

आणि या भीतीपायी कुलूप लावून ठेवलेली घरं? 2011च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात 1 कोटी 10 लाखांवर घरं रिकामी निघाली होती. रुक्मिणीनगर किंवा कॅम्पात संध्याकाळी चक्कर मारा, अंधाऱ्या खिडक्या मोजा. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, घराला कुलूप आणि अंगणात माळ्याने लावलेली तुळस. त्याच वेळी दोन किलोमीटरवर तीन मुलं एका खोलीत.

ती खोली मी अकोल्यात पाहिली. अकोला आता नीट आणि जेईईच्या क्लासचं गाव आहे, बुलडाणा, वाशीम, यवतमाळपासून पोरं येतात. बहिणीसाठी पाहिलेल्या एका 'होस्टेल'मध्ये मोठ्या हॉलचे प्लायवूड टाकून तुकडे केले होते. दुसरीकडे गच्चीवर टिनाच्या पत्र्याची खोली होती, दहा बाय दहा, तीन कॉट. दहा बाय दहा म्हणजे 9.29 चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते की राहायची एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर हवी. ती एका खोलीची गोष्ट झाली, तीन कॉटची नाही. अकोल्याच्या मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. टिनाखाली कूलरशिवाय अभ्यास होत नाही, आणि कूलरचे महिन्याला वेगळे पैसे. कूलरला पाणी लागतं, उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, म्हणून टँकरचीही वर्गणी. डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि मधेच सोडलं तर परत नाही, असं तोंडी. डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्या राज्यात मर्यादाच नाही. केंद्राने 2021मध्ये आदर्श घरभाडे कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट आहे, पण महाराष्ट्राने तो घेतला नाही. क्लासवाल्यांच्या होर्डिंगवर मुलांचे गुण आणि फोटो असतात. ती मुलं रात्री कुठे झोपतात हे कोणत्याच होर्डिंगवर नाही. बहिणीला शेवटी नातेवाइकांकडे ठेवलं. ज्यांचे अकोल्यात नातेवाईक नाहीत त्यांनी टिनाची खोली घेतली असणार.

हे ज्या भूमीत चाललंय तिचा वारसा पाहिला की मला जास्त राग येतो. विद्यापीठाला नाव संत गाडगेबाबांचं. झाडू हातात घेतलेला फोटो सगळ्या कार्यालयांत आहे, पण बाबांनी आयुष्यभर बांधल्या त्या धर्मशाळा. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली ती, ज्यांना दुसरीकडे कोणी आत घेत नव्हतं त्यांच्यासाठी. स्वतःसाठी झोपडीही ठेवली नाही. त्यांची समाधी ज्या गाडगेनगरात आहे, तिथल्याच गल्ल्यांत आम्हाला समाज विचारला गेला. पंजाबराव देशमुखांनी विलायतेहून परतल्यावर अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच शहरात 1927 साली झाला. पंजाबरावांच्या नावाने आज अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, वसतिगृह निर्वाह भत्त्याची सरकारी योजना आहे. त्यांच्या छात्रालयासारखी इमारत बांधायचं मात्र आपण थांबवलंय. कॉलेजं वाढली, जागा वाढल्या, वसतिगृहं त्या मानाने नाहीत, आणि उरलेली पोरं सगळी खांबावरच्या पाट्यांच्या हवाली.

शहर वाढतंय म्हणून टाळ्या वाजवायला आपण तयारच असतो. बेलोऱ्याहून एप्रिल 2025मध्ये प्रवासी विमान उडालं, नांदगाव पेठेला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क येतोय. तिथे काम करायला येणारी माणसं कुठे राहणार? 2020मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना काढली, तिच्या लाभार्थ्यांत कामगारांबरोबर विद्यार्थीही होते. मी फिरलो त्या भागांत तशी एकही इमारत दिसली नाही. नगरसेवकांना याचं सोयरसुतक नसणं समजण्यासारखं आहे, कारण आमचं मतदान गावाकडे. ते इथे आणायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो, आणि तो कुठे अडतो ते वर आलंच आहे.

मला शेवटी बडनेरा रोडला एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या घरी रूम मिळाली. करार मीच ऑनलाइन भरला, अर्धा खर्च त्यांनी दिला. काका आता शेजारच्यांना सांगतात की असं केलं तर पोट्ट्याला काढता येतं. माझ्या हक्काची जाहिरात अशी होत असेल तर होऊ द्या.

सरकारने नवा कायदा करेपर्यंत थांबायची गरज नाही, जुना पुरेसा आहे. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी कॉलेजं मुलांकडून स्थानिक पत्ता लिहून घेतात. त्याच खिडकीवर नोंदणीकृत करार आहे का विचारता येईल. नसेल तर मुलाला ओरडायचं नाही, घरमालकाला कॉलेजच्या लेटरहेडवर कलम 55 कळवायचं. पोरगा एकटा मागतो तेव्हा रूम भरलेली असते, कॉलेज चारशे पोरांसाठी मागेल तेव्हा चारशे रूम एकदम भरलेल्या निघणार नाहीत. क्लासवाल्यांनी फी घेताना तेच करावं, त्यांच्याकडे तर घरमालकांची यादी पाठ असते. पाहिजे तर प्रवेशाच्या आठवड्यात आवारात एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक अंगठ्याचं मशीन ठेवा. मला शनिवार-रविवार सुट्टी असते, फॉर्म भरून द्यायला मी येतो.